सातवी वाळत नाही

१

शाळेला सुट्टी लागली की प्राचीचा दिवस बराखीच्या कुलपापासून सुरू व्हायचा. मंचरच्या बाहेर शेताच्या कडेला दलीचंदशेठची कांदा साठवायची ती बराखी. वर पत्रे, चारी बाजूंना बोटभर फट सोडून ठोकलेल्या बांबूच्या पट्ट्या. वारा कुठूनही आत यावा आणि कांदा सडू नये, एवढाच त्या बांधकामाचा हेतू. शेठची मुलगी रिद्धी ही प्राचीची चित्रकलेच्या कॉलेजातली मैत्रीण. तिने बापाकडे हट्ट धरून ती जागा उन्हाळ्यापुरती मिळवून दिली होती. "कांद्यापेक्षा माती बरी, निदान वास तरी येणार नाही," असं म्हणून शेठनी किल्ली दिली.

प्राची शाळेत चित्रकला शिकवायची. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांनी हक्काने मागून घ्यायचा तास, हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. तिचं खरं काम उन्हाळ्यात चालायचं. यंदा, म्हणजे २००४ साली, तिला पुण्यात पहिल्यांदाच मोठं प्रदर्शन मिळालं होतं आणि त्यासाठी तिने सात बाया घडवल्या होत्या. न भाजलेल्या मातीच्या, माणसाएवढ्या. मांडी घालून बसलेल्या, अंगावर नऊवारीच्या चुण्या, आणि ओटी भरून घेताना पसरतात तसा दोन्ही हातांनी पुढे धरलेला पदर. चेहरे तिने केलेच नव्हते. गावाकडे पाण्याकाठच्या साती आसरा म्हणजे शेंदूर फासलेले सात दगड, त्यांना कुठे नाकडोळे असतात? कपाळापासून हनुवटीपर्यंत तिने नुसती सपाट माती सोडली होती.

रोज सकाळी ती एकेका मूर्तीच्या पाठीला पालथा हात लावून बघायची. ओली माती हाताला गार लागते, वाळलेली लागत नाही. त्या दिवशी सहा बाया उबदार लागल्या. सातवी गार होती. "लाडाची दिसतेस," प्राची तिला म्हणाली आणि थर्मासमधला चहा ओतून घेतला. वैशाखाचं ऊन होतं. दोन दिवसांत वाळेल, असं तिला वाटलं.

२

ती माती जुन्या गावातली होती. घोड नदीवर धरण झालं आणि प्राचीचं गाव पाण्याखाली गेलं. पण दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की घरांची जोती, देवळाचा ओटा असं काहीबाही उघडं पडतं. आसरांचे दगडही पडतात. त्यांच्याभोवती गाळ फार मऊ साठतो, खडा म्हणून लागत नाही. प्राचीने होळीनंतर तोच गाळ पिकअपमध्ये भरून आणला, त्यात भाताचं तूस मळलं आणि कामाला लागली.

"तिथली माती घरला आनत न्हाईत, बाय," शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या होत्या. जुन्या गावातही त्या शेजारीच राहायच्या.

"घरी कुठं नेतेय, मावशी? बराखीत ठेवतेय."

"पान्यातल्या बायांना घर काय नि बराखी काय," असं पुटपुटत त्या निघून गेल्या. प्राची हसली खरी, पण आईसमोर हा विषय निघाला नाही याचं तिला बरं वाटलं.

कारण त्या दगडांचं नाव काढलं की घरात आरती आठवायची. आरती प्राचीची थोरली बहीण. दहा वर्षांपूर्वी ती दिवाळीला माहेरी आली होती. धरणात तेव्हा नुकतंच पुरतं पाणी भरलं होतं आणि गावाने वरच्या उतारावर छपरं टाकली होती. सासरी निघायच्या दिवशी जीप दारात उभी, पिशवी भरलेली, तबकात नारळ, खण, तांदूळ, हळदकुंकू तयार. फक्त ओटी भरायची बाकी होती. आणि ओटी भरायची ती सवाष्णीने. साळुबाईंचं, म्हणजे आईचं, कुंकू दोनच महिन्यांपूर्वी पुसलं गेलं होतं. म्हणून त्यांनी बायडाबाईंना निरोप धाडला. बायडाबाई भात कापायला लांबच्या खाचरात गेलेल्या. "तोवर आसरांच्या पाया पडून येते," असं म्हणून आरती पाण्याकडे गेली. बायडाबाई कमरेचा विळासुद्धा न काढता धावत आल्या, तेव्हा तबक तसंच होतं आणि आरती नव्हती.

तिचा देह सापडला नाही. प्राची पुण्याच्या कॉलेजातून आली तेव्हा साळुबाई दारात बसून होत्या. रडत नव्हत्या, एकच वाक्य बोलत होत्या. "माज्या हातानं भरली आसती तर पोर जीपमधी बसली आसती." पुढे त्यांनी ते वाक्य बोलायचंही सोडलं आणि दिवाळीही सोडली.

३

दोन दिवसांनी सातवी वाळली नाही. चार दिवसांनीही नाही.

प्राचीने कारणं काढायला सुरुवात केली. पाया जाड झाला असेल. तूस कमी पडलं असेल. तिचा कोपरा सखल असेल, जमीन ओल सोडत असेल. तिने दलीचंदशेठच्या गड्यांकडून मूर्ती उचलून मधोमध ठेवून घेतली, खाली ताडपत्री अंथरली, सगळ्या बाजूंनी वारा मोकळा केला. वारा इतका होता की तिच्या कागदांवर दगड ठेवावे लागत. दुसऱ्या दिवशी बघते तर ताडपत्री कोरडी, आणि सातवीच्या पसरलेल्या पदरात ओंजळभर पाणी.

पत्रा गळायला पाऊस नव्हता. तिने फडक्याने पाणी टिपलं, फडकं बाहेर वाळत टाकलं आणि स्वतःलाच म्हणाली की मातीतलं पाणी वर येऊन साचतं कधीकधी. असं तिने कधी पाहिलं नव्हतं, पण न पाहिलेल्या गोष्टी खूप असतात.

त्याच दुपारी तिला आवाज आला. धुणं पिळल्याचा. लुगड्याचा पीळ घट्ट आवळत नेल्यावर पाण्याची धार पडते, मग एक झटका, मग पुन्हा पीळ. तिला वाटलं, विहिरीवर कुणी बाई धुणं धुतेय. ती पाय मोकळे करायला बाहेर आली. विहिरीवर कुणी नव्हतं. ऊस नव्हता, माणूस नव्हतं, नांगरून टाकलेली रानं तापत पडली होती. आवाज थांबला नव्हता. तो तिच्या पाठीमागून, पट्ट्यांच्या आतून येत होता.

ती तिथेच उभी राहिली. आत जायचा धीर झाला नाही हे कबूल करायला तिला लाज वाटली, म्हणून तिने डोक्याला रुमाल बांधायचं काम काढलं. तो बांधून होईस्तोवर आत सगळं शांत झालं होतं.

आत सात बाया बसल्या होत्या. सातवीच्या पदराच्या कडा जरा वर आल्यासारख्या दिसत होत्या. पदर पसरलेला नव्हता, सावरायला घेतल्यासारखा होता. प्राचीने बोटाने त्या कडा हळूच खाली दाबल्या. ओली माती आपल्या वजनाने खाली बसते, वर येत नाही. हे तिने वर्गातल्या पोरांनाही कितीदा सांगितलं होतं.

४

रिद्धी पुण्याहून गाडी घेऊन आली. प्रदर्शनं भरवणं हा आता तिचा व्यवसायच होता आणि तिला बोलायला फार छान यायचं. सातही बायांभोवती ती फिरली, फोटो काढले आणि म्हणाली, "नदी, अध्यात्म आणि बाईचं आतलं शहाणपण. तिन्ही एकत्र आहेत बघ यात. पुण्यातली माणसं वेडी होतील."

"आमच्याकडे त्याला नुसतं बाया म्हणतात," प्राची म्हणाली.

"तेच गं, तेच मी म्हणतेय." रिद्धी हसली आणि सातवीपाशी थांबली. "हिच्यात काहीतरी आहे. बाकीच्या मूर्ती आहेत. ही कुणीतरी आहे." तिने हात लावला आणि पटकन मागे घेतला. "केवढी थंड आहे! आणि ही दाराकडे वळवून ठेवलीस ते छान केलंस. निघायच्या तयारीत असल्यासारखी दिसते."

प्राचीने तिला वळवून ठेवली नव्हती. मधोमध हलवतानाही तिने तिचं तोंड बाकीच्या सहाजणींसारखं समोरच ठेवलं होतं. सांगितलं असतं तर रिद्धीने ते पत्रकात छापलं असतं.

"वाळली नाही तर नेता येणार नाही. वाटेत कोसळेल," ती एवढंच म्हणाली.

"वाळेल गं. शनिवारी सकाळी टेम्पो पाठवते. तोवर उन्हात ठेव हवं तर. पण हिच्याशिवाय नाही हं, मी आधीच सांगते."

रिद्धी गेल्यावर प्राची बराच वेळ सातवीसमोर बसून राहिली. हे काम गेलं तर पुन्हा असं बोलावणं यायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. पण तिला भीती त्याची वाटत नव्हती. रिद्धी म्हणाली होती, ही कुणीतरी आहे. ते ऐकल्यापासून तिच्या मनात एक नाव आलं होतं आणि ते मनातल्या मनातही उच्चारायला ती तयार नव्हती.

५

दुसऱ्या दिवशी प्राची गावातून सुतळी घेऊन परतली तेव्हा कुलूप उघडं होतं. आत साळुबाई सातवीसमोर बसल्या होत्या आणि हळू आवाजात बोलत होत्या. रानातली हकिकत, कुणाला मूल झालं, कुणाची म्हैस मेली, असलंच. माहेरी आलेल्या लेकीला सांगतात तसं.

प्राचीला एकदम सुटल्यासारखं वाटलं. दुसरी किल्ली घरी खिळ्यालाच असायची. म्हणजे आई येत होती, आई पाणी घालत होती, आईच कुठे लुगडं पिळत बसली असेल. सगळ्याचा उलगडा झाला. पाठोपाठ रागही आला.

"आई, तू पाणी घालतेस हिला?"

"मी कशापायी घालू?" साळुबाईंनी मान वळवली नाही. "आजच आले मी. बायडाबाई म्हनली, तुजी पोरगी आसरांची माती घिऊन बसलीया. म्हनलं बघावं तरी. आनि बघते तर ही."

"ही कोण?"

"तू केलीस आन् तुलाच ठावं न्हाई?" मग त्यांनी बोट दाखवलं. "बसायची रीत बघ की. डावा गुडघा जरा वर. जेवायला बसली तरी तशीच बसायची. किती येळा वरडले मी तिला, पोरीच्या जातीनं नीट बसावं म्हनून."

प्राचीने सातही बायांची मापं एकाच कागदावरून घेतली होती. सगळ्यांचे गुडघे सारखे होते. तिने पाहिलं. सातवीचा डावा गुडघा वर होता.

मन म्हणालं, माती सरकली. मन असंही म्हणालं, आईने सांगितलं म्हणून तुला तसं दिसतंय. पण खरं सांगायचं तर त्या क्षणी तिलाही तेच हवं होतं. दहा वर्षं ज्या बहिणीचा एक केसही हाती लागला नाही, ती अशी समोर येऊन बसली असेल तर कुणाला नको असेल? तिने आईशेजारी बसकण मारली आणि दोघी कितीतरी वेळ तिच्याकडे बघत बसून राहिल्या. भीती होतीच, पण भीतीपेक्षा माया मोठी झाली होती.

"टेंपू कवा येनार?" साळुबाईंनी विचारलं.

"शनिवारी."

"तिची वटी भरून मगच धाड. बिनवटीची दुसऱ्यांदा घराभायेर काढू नगं, प्राची. वटी न्हाई भरली म्हनूनच आडकून पडलीया ती. ना हिकडची, ना तिकडची."

प्राचीने मान हलवली. त्या रात्री दोन्ही किल्ल्या तिने आपल्या उशाखाली ठेवल्या. सकाळी बराखी उघडली तर सातवीचा पदर पाण्याने भरला होता.

६

शनिवारी टेम्पोवाला सावळेराम वेळेवर आला. रिद्धीने पेंढा आणि गोधड्या पाठवल्या होत्या. सावळेरामने आणि बरोबरच्या गड्यांनी सहा बाया एकेक करून चढवल्या. सातवी राहिली. तिचा पदर प्राचीने नुकताच टिपला होता आणि तो पुन्हा भरत नव्हता, एवढंच नवल.

साळुबाई नवं लुगडं नेसून, तबक घेऊन आल्या होत्या. ओटी भरायला बायडाबाईंना बोलावलं होतं, आणि बायडाबाई एका लग्नाला पेठ गावी गेल्या होत्या. सकाळच्या गाडीने येते म्हणाल्या होत्या. गाडी आली, त्यात त्या नव्हत्या.

"ताई, पुन्यात गर्दी व्हायच्या आत पोचायला पायजे," सावळेराम म्हणाला.

"थोडं थांबा हो, भाऊ. एक मावशी यायच्यात."

ते शब्द तोंडातून गेले आणि प्राचीने आईकडे पाहिलं. साळुबाईंचा चेहरा पांढरा पडला होता. टेम्पो दारात उभा, तबक तयार, आणि वाट कुणाची, तर बायडाबाईंची. दोघींनाही एकच दिवस आठवला.

"न्हाई," साळुबाई म्हणाल्या. "आता कुनाची वाट बघायची न्हाई. मी भरते."

"आई..."

"कुंकू न्हाई माज्या कपाळाला, म्हाईत हाय मला. पर आई हाय ना मी तिची? कुनाला काय म्हनायचं त्ये म्हनू दे." मग जरा मऊ आवाजात, "तू भायेर हुबी ऱ्हा. लेकीला लावून देताना लई माणसं नसावीत. रडू येतं तिला."

प्राची बाहेर येऊन पट्ट्यांना पाठ लावून उभी राहिली. आतून आईचा आवाज येत होता. "हे नारळ. हा खन, हिरवा हाय बग, तुला आवडतो तसा. हे तांदूळ." मग तांदूळ पडल्याचा आवाज. मग, "जा बाई आता. सुकानं जा. मी पदर पसरलाय, निघताना काय टाकायचं त्ये टाक."

लेक भरल्या ओटीने निघते तेव्हा त्यातले मूठभर तांदूळ माहेरी परत टाकते, म्हणजे माहेर रितं होत नाही. आई त्यासाठी डोळे मिटून, पदर पसरून बसली असणार. प्राचीचे डोळे भरून आले.

आणि आत धुणं पिळल्याचा आवाज झाला. एक पीळ, एक झटका. मग बांगड्या वाजल्या.

वळायचं नाही असं तिने ठरवलं होतं. पण तिची एकुलती एक बहीण आत होती. तिने वळून फटीला डोळा लावला.

आई खाली मान घालून बसली होती. तिच्यासमोर कुणीतरी उठून उभं राहत होतं, भरला पदर दोन्ही हातांनी सावरून कमरेशी खोचत, बाया खोचतात तसं. लुगड्यातून पाणी गळत होतं. हात बाईचे होते, बोटांच्या पेरांत गाळ होता. ती आईवर जराशी वाकली. केस बाजूला झाले, आणि जिथे आरतीचा चेहरा असायला हवा होता तिथे कपाळापासून हनुवटीपर्यंत नुसती सपाट माती होती.

आतली उजेडाची पट्टी एकदा झाकली गेली, पुन्हा मोकळी झाली. पलीकडच्या बाजूने कुणी बाहेर पडलं असेल तर सावळेरामला दिसायला हवं होतं. तो तिकडेच तोंड करून बिडी ओढत होता आणि त्याने मानही वर केली नाही.

७

ती आत गेली तेव्हा सातवी जागच्या जागी बसलेली होती आणि खडखडीत वाळली होती. अंगभर बारीक भेगा. दोन्ही गुडघे सारखे, पदर पसरलेला. त्या पदरात नारळ नव्हता, खण नव्हता, तांदूळ नव्हते. हळदीकुंकवाचा डागसुद्धा नव्हता.

साळुबाई अजून पदर पसरून बसल्या होत्या. "गेली का गं?"

"गेली, आई."

साळुबाईंनी डोळे उघडले. पदरात पाहिलं. मग हाताने चाचपलं, कापडाच्या घडीत बोटं घालून पाहिलं, भोवतालची जमीन पाहिली.

"दाना ठिवला न्हाई येकबी."

"घाईत असेल. विसरली असेल," प्राची म्हणाली. आपला आवाज नेहमीसारखा निघावा म्हणून तिने जिवाचा आटापिटा केला.

"आरती?" साळुबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "लगीन झाल्यावरची पहिली दिवाळी आठवती का? दोनी हातांनी समदं माज्या पदरात वतलं तिनं. म्हनली, आई, आमच्याकडं हायेत तांदूळ, तुलाच लागतील. वरडावं लागलं मला. आगं, थोडं तरी घिऊन जा म्हनून." त्यांनी रिता पदर झटकला. "ती येक मूठ ठिवल्याबिगर जायची न्हाई. ही आपली न्हवती, प्राची."

आपण काय पाहिलं ते प्राचीने तेव्हा सांगितलं नाही आणि पुढेही कधी सांगितलं नाही. बाहेर सावळेरामने हॉर्न वाजवला.

"मंग माजी पोर आजून तितंच पान्यात बसली आसंल," साळुबाई म्हणाल्या. "वाट बगत. आनि तिची वटी मी दुसरीलाच भरून दिली."

प्राचीने त्यांना जवळ ओढून घेतलं. देह मिळाला नाही म्हणून दहा वर्षं ज्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं, त्या साळुबाई तिथे मातीत बसून मोठ्याने रडू लागल्या, आणि बाहेरची माणसं काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली.